द्रीकामावशीचे तीन तास

४ मार्च

आज शेजारच्या बेनीकाकांनी माझा खांदा मोजला.

लाकडी बूट दाराबाहेर काढून ते नुसत्या मोज्यांवर आत आले. आईने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. बाबांच्या पाठीची चौकशी झाली. ती आता काही सुधारत नाही हे ऐकल्यावर काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, उभी राहा. त्यांनी एक तळवा माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या, आणि डोळा बारीक करून पाहिलं. सुतार फळी बघतो तसं.

"बसेल," ते आईला म्हणाले. "डाव्या बाजूला, मधली जागा."

ही जागा द्रीका ओंक यांच्या शवपेटीखालची आहे. द्रीकामावशी आमच्या पलीकडच्या घरात राहतात आणि रविवारीच आमच्याकडे कॉफी पिऊन गेल्या. मी म्हटलं, मावशी आहेत की अजून.

"म्हणून तर आत्ता मोजतोय," काका म्हणाले. "नंतर घाई होते."

आमच्या वाडीत सहा घरं. कुणाकडे मूल झालं की मनुकांचा लांबलचक पाव कुणी न्यायचा, लग्नात कमान कुणी बांधायची, मेल्यावर कुठली बाजू कुणी उचलायची, हे सगळं पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. ते कुणी कुणाला विचारत नाही. याला शेजारधर्म म्हणतात. मी पाच वर्षं विद्यापीठात समाजधोरण शिकले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. परत आले, तर वाडीने माझी पहिली नेमणूक केली ती पेटीखाली.

हसूच आलं. पण खरं सांगायचं तर, बायकांना ही जागा आजवर दिली नव्हती. थोडं बरंही वाटलं.

सोमवारी नगरपालिकेत रुजू व्हायचंय.

९ मार्च

कचेरीत टेबलं नाहीत, गाद्या आहेत. भात भरलेल्या पोत्यांसारख्या, रंगीत. त्यांत बसलं की गुडघे कानाशी येतात आणि कुणाशीही मतभेद व्यक्त करता येत नाही.

आमचा प्रमुख फ्लोरिस. उत्रेख्तहून आला, पांढरे बूट घालतो, "सेवा माणसाभोवती फिरली पाहिजे" हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणतो आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा थांबतो. बैठकीत एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवतात. ती नागरिकाची. निर्णय घेताना त्या खुर्चीकडे बघायचं, नागरिक काय म्हणाला असता याचा विचार करायचा. आज त्या खुर्चीवर फ्लोरिसचं जाकीट होतं.

भिंतीशी पुठ्ठ्याची एक म्हातारी उभी आहे. तिचं नाव रीत, वय एक्याऐंशी, बागकामाची आवड, मुलं लांब. ही आमच्या विभागाने मिळून बनवली. मी विचारलं, ही कुणासारखी आहे. कुणासारखीच नाही, म्हणून ती सगळ्यांसारखी आहे, असं उत्तर मिळालं. सहकारी तिला "आपली रीत" म्हणतात. मला वाटतं, यांच्यापैकी एकानेही खऱ्या म्हातारीच्या हातची कॉफी प्यायलेली नाही.

मी हे बदलणार आहे. इथे हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाही जमलं तर लाज वाटेल.

२० मार्च

सभापती आले होते. घरकामाच्या मदतीवर नगरपालिकेचा खर्च फार होतो. ज्या म्हाताऱ्यांना सरकारी मदतनीस मिळते त्या सगळ्यांकडे जाऊन त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं, गरज काय, स्वबळ किती, आजूबाजूला कोण आहे हे बोलून ठरवायचं. या टेबलबैठका सगळ्या देशात चालतात, पण आपल्याकडे काही नवं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फ्लोरिसने पुठ्ठ्याच्या रीतकडे बघितलं. रीत गप्प.

मग मी बोलले. म्हटलं, आमच्याकडे नवं काही नकोच, जुनं आहे. शेजारधर्म. मरणाला जे शेजारी धावतात ते जगण्याला का नाही धावणार? सेवा त्या नात्याभोवती रचा. पगारी मदत लागेल तिथेच द्या, बाकी शेजारी.

गाद्यांमधून दोन-तीन माना वर आल्या. मग फ्लोरिस उठला (त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला) आणि म्हणाला, हे सोनं आहे. प्रयोग आमच्याच वाड्यांवर करायचा, आणि बैठका मी घ्यायच्या.

आईला सांगितलं. आई सरकारी मदतनीसच आहे, घरोघर जाऊन साफसफाई करते. द्रीकामावशींकडे गुरुवारी तीन तास. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "द्रीकाचे तीन तास राहतील ना? तिला घर सोडायचं नाहीये. त्या तीन तासांवर ती उभी आहे."

मी म्हटलं, गरज असेल तर का नाही राहणार. त्यासाठीच तर बैठक.

"म्हणजे तू बघायला जाणार घरं."

"बघायला नाही, बोलायला."

आईने बटाटा पाण्यात टाकला. "एकच ते," म्हणाली.

८ एप्रिल

पहिली बैठक विधुर आन्तोनकडे. थक्क झाले. बायको जाऊन चार वर्षं झाली, माणूस काठीवर चालतो, आणि घर असं की जमिनीवर पाव ठेवून खावा. हिरव्या साबणाचा वास, खिडकीत पांढरं ऑर्किड, टेबलावर निळ्या फुलांचं कापड, कोपऱ्यात एक बशी, जहाजाचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा. मी विचारलं, काय अडतं. म्हणाला, तक्रार नाही. शेजारी येतात का? "येतात की," म्हणाला आणि कोण जाणे का, हसला.

कचेरीतल्यांना सांगायला हवं, लोक लाचार नसतात. लाचार आपण त्यांना समजतो.

१५ एप्रिल

येन्टिंक बहिणी. दोघी नव्वदीच्या घरात, एकीला दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. घर चकचकीत. इथेही तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र खटकली, इथे लिहायला हरकत नाही. आमच्या लोकांना स्वतःची आवड म्हणून नाही. तेच निळ्या फुलांचं कापड, तोच जहाजाचा डबा, खिडकीत तेच पांढरं ऑर्किड, देठ वाकडा असलेलं. बशीसुद्धा टेबलाच्या त्याच कोपऱ्यात. तालुक्याच्या दुकानात जे स्वस्त लागतं ते सगळे उचलतात आणि एकमेकांसारखे होऊन बसतात. विद्यापीठात आम्ही पाच जणी एका खोलीत राहायचो, पण प्रत्येकीचा चहाचा कप वेगळा होता.

आईला आता माझ्या कामात रस वाटू लागलाय, ही चांगली खूण. रोज विचारते, उद्या कुणाकडे? किती वाजता? तिचे हात लाल झालेत. म्हटलं, पन्नाशी उलटली, थोडं कमी कर. तर म्हणे, एवढा महिना जाऊ दे.

२२ एप्रिल

द्रीकामावशी. मुद्दाम शेवटी ठेवल्या, ओळखीमुळे मन वळू नये म्हणून.

त्यांनी रविवारचा झगा घातला होता आणि गळ्यात पदक. मी लहानपणी या घरात मांजरीची पिल्लं बघायला यायचे, तेव्हा इथे पसारा असायचा. आता आरसा. मावशी सरळ पाठीने बसलेल्या, जणू फोटो काढायचाय. झोपायला वर जाता का? जाते. आंघोळ? होते. जेवण? होतं. मग त्यांनीच मला विचारलं, "तुझं सगळं लिहून झालं का नीट? काही राहिलं असेल तर विचार. साहेब रागवायला नको."

मला भरून आलं. ही बाई स्वतःच्या म्हातारपणापेक्षा माझ्या कामाची काळजी करते. हेच ते स्वबळ.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीत बसवलेला पलंग आहे, त्याचा पडदा ओढलेला होता. जुनी पद्धत. आत काय ठेवता विचारलं, तर म्हणाल्या सटरफटर.

निघताना बेनीकाका अंगणात गाडीत खुर्च्या चढवत होते. म्हटलं, कुठे? म्हणाले, जिथल्या तिथे.

१२ मे

अहवाल गेला. शेजारधर्माचं जाळं भक्कम, स्वबळ उत्तम, तिन्ही घरांची पगारी मदत जूनपासून थांबवता येईल. शेजारी पुढे येतील, तसे ते आताही येतच आहेत. सभापतींनी हात मिळवला. फ्लोरिस म्हणाला, गेर्दीन, तू जमिनीवरची माणूस आहेस. तो स्वतः गादीत होता.

घरी सांगताना जड गेलं. आईचे मावशींकडचे तीन तास गेले, म्हणजे पगारातलेही गेले. मला वाटलं ती भडकेल. तिने भांडी विसळली, हात पुसले आणि विचारलं, "म्हणजे तू पास झालीस?"

आईला नोकरी आणि परीक्षा यांतला फरक कधी कळणार? मी समजावून सांगितलं की यात पास-नापास नसतं. ती हो हो म्हणाली. मग म्हणाली, "आणि द्रीका?"

म्हटलं, तुम्ही सगळे आहात ना. गुरुवारी तू जातच होतीस, तशीच जा. शेजारीण म्हणून.

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परदेशी भाषेत बोलतेय.

३० जून

आई दोनदा मावशींकडे गेली. दोन्ही वेळा दाराआतूनच उत्तर मिळालं, सगळं ठीक आहे, ये रविवारी कॉफीला. रविवारची कॉफीही नंतर बंद झाली. तोसकाकी, बेनीकाकांची बायको, सूप घेऊन गेली, तर मावशींनी भांडं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात अंडी घालून परत केलं. काकी म्हणते, मावशींच्या कोंबड्या तर गेल्या वर्षीच गेल्या. म्हणजे अंडी विकत आणली.

आईचा चेहरा पडलाय. मला हे समजतं, हे पगाराचं दुःख आहे. पण मावशींचं कौतुक वाटतं. मदत काढून घेतली आणि माणूस ताठ झाला. फ्लोरिसला सांगितलं तर त्याने ते एका रंगीत चिठ्ठीवर लिहून भिंतीवर डकवलं.

२ सप्टेंबर

आमचा प्रयोग हेगला, मंत्रालयात सादर होणार. त्याआधी फेरभेटी घ्यायच्या, प्रगती टिपायची. मावशींना चिठ्ठी पाठवली, १८ तारखेला सकाळी दहाला येते.

आईने विचारलं, "पुन्हा बघायला?" आणि लगेच पलीकडे गेली. परत आली ती ओठ आवळून. द्रीका घरात घेत नाही, म्हणाली. मी म्हटलं, तुला कशाला घ्यायला हवं, भेट तर माझी आहे.

१८ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

दहाला गेले. बेल वाजवली, कुणी येईना. वळचणीखालच्या खिळ्यावरची किल्ली घेतली. ती तिथे असते हे सगळ्यांना माहीत आहे. टेबलावर दोन कप मांडलेले, साखर, दूध, दोन बिस्किटं. खिडकीची एक बाजू लख्ख, दुसरीवर साबणाचे ओघळ. खाली उलटी खुर्ची आणि मावशी.

शुद्धीवर होत्या. पाय चमत्कारिक वळलेला. मला बघून म्हणाल्या, "अर्धीच राहिली गं. थांब, कॉफी करते."

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तेव्हा वास आला. साबणाचा नव्हे. कोपऱ्यातल्या पलंगाचा पडदा अर्धवट सरकला होता. आत बादली होती, झाकण नसलेली, भरलेली. चादरी गोळा करून ठेवलेल्या. त्या वर झोपायला जात नव्हत्या, कित्येक महिने गेल्याच नसाव्यात. मी तिकडे बघते आहे हे त्यांनी पाहिलं. डोळे मिटून घेतले, आणि मग दुखण्याचासुद्धा आवाज काढला नाही.

त्यांना नेल्यावर मी दार लावलं आणि किल्ली खिशात टाकून घरी आले. खिळ्यावर परत ठेवायचं भान राहिलं नाही.

२७ सप्टेंबर

शस्त्रक्रिया झाली, खुबा बसवला. आता उपचारगृहात चालायला शिकवतायत.

आई रोज किल्ली मागते. मी रोज म्हणते, कशाला, ती घरी नाही. मला कुणी आत जायला नको होतं. बादली माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती, आणि मला वाटत होतं की ती कुणी पाहिली नाही तर मावशींची लाज झाकली जाईल. बेनीकाका आज बाहेरून खिडक्या पुसून गेले. आत जाता येत नाही, तर बाहेरून.

शेवटी आई जेवता जेवता चमचा ठेवून म्हणाली, "ती येईल तेव्हा तसं घर बघेल? किल्ली दे, गेर्दीन. आधी जमलं, आताही जमेल."

मी विचारलं, आधी म्हणजे कधी.

बाबा ताटात बघायला लागले. आईने सांगितलं. आन्तोनच्या घरात मदतनीस येऊनही कित्येक आठवड्यांची भांडी साचली होती, बेनीकाकांनी टबात घालून अंगणात धुतली. येन्टिंक बहिणींकडे उंदीर होते. द्रीकामावशींकडे आईच्या तीन तासांत न उरकणारं इतकं होतं की सगळे मिळून दोन दिवस लागले. ऑर्किड तोसकाकीचं, डबाही तिचा.

"कापड आपलं," आई म्हणाली. "माझ्या लग्नातलं. तू लहानपणी त्यावर बिटाचा रस सांडला होतास. डागावर बशी ठेवली."

मी विचारलं, का केलंत हे? मदत तुटावी म्हणून?

"मदतीचं कुणाला सुचलं? तुझी पहिली नोकरी. साहेब बघणार, ही पोर कुठल्या वाडीतून आली. तुला नापास होऊ द्यायचं होतं का आम्ही?" तिने चमचा पुन्हा उचलला. "माझे पगाराचे तास सोडले तर द्रीका कुणाला हात लावू देत नव्हती घराला. तुझ्यासाठी म्हटल्यावर दार उघडलं."

मी तोंड धुवायला उठले. एवढी पदवी, आणि माझ्याच घरातलं कापड मला ओळखता आलं नाही. पुठ्ठ्याच्या रीतला तरी ओळखता आलं असतं.

१ ऑक्टोबर

फ्लोरिसला सगळं सांगितलं. अहवाल खोटा आहे, मागे घ्या, मदत परत सुरू करा. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता, आणि मला वाटलं, याला कळलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "कुणी न सांगता सगळी वाडी एकत्र आली?"

"घर साफ करायला. मला दाखवायला."

"कारण काहीही असो. आली ना? गेर्दीन, आपण हेच सिद्ध करत होतो." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. "आणि ते ऑर्किड. घरोघर फिरणारं. ओह."

मी म्हटलं, बाईचा खुबा मोडलाय.

"हो, ते वाईट झालं," फ्लोरिस म्हणाला, आणि नागरिकाच्या खुर्चीवरचं जाकीट उचलून बाहेर गेला. दुपारी कळलं, अहवालाच्या मुखपृष्ठावर पांढरं ऑर्किड येणार आहे. चित्रकाराला वाकडा देठ आवडला नाही, तो सरळ केलाय.

६ ऑक्टोबर

मावशींना भेटले. कठड्याला धरून चार पावलं टाकतात. त्यांना घरी जायचंय. डॉक्टर म्हणतात, घरी मदत असेल तर जाऊ दे, नाहीतर लांबच्या वृद्धाश्रमात जागा आहे. म्हणजे पुन्हा टेबलबैठक. माझी ओळख असल्यामुळे आता आर्नेमहून दुसरी बाई येणार. १६ तारखेला, मावशींच्याच घरी, मावशींना घेऊन.

मी विचारलं, आई येत होती, तोसकाकी येत होती, दार का नाही उघडलंत?

त्यांनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं.

"तुझी आई, विलेमीन, पगारावर यायची तेव्हा मी घरची मालकीण होते. इथे पूस म्हणायचे, तिथे पूस म्हणायचे. तीच बाई फुकट आली की मी कोण? शेजाऱ्याकडून घेतलं की फेडायचं असतं, पोरी. मी आता काय फेडणार? एक माती द्यायची राहिलीय, ती तुम्हीच द्यायची."

मग म्हणाल्या, "बैठकीआधी आईला म्हणावं, घर बघून घे. त्या दिवशी तू गेल्यावर कुणी गेलं असेलच म्हणा."

मी हो म्हटलं.

७ ऑक्टोबर

विचार केला आणि ठरवलं. घर स्वच्छ दिसलं की स्वबळ; स्वबळ असलं की मदत नाही; मदत नाही की वृद्धाश्रम. हे गणित माझंच आहे, त्याचं उत्तर मला पाठ आहे. आर्नेमच्या बाईने घर आहे तसं बघितलं पाहिजे.

सांगितलं तेव्हा बेनीकाका, तोसकाकी, आई तिघंही आमच्या टेबलाशी बसली होती. काकांना आधी समजलंच नाही.

"घाणेरडं ठेवायचं? मुद्दाम?"

"आहे तसं ठेवायचं."

"अगं, मेल्याच्या घरीसुद्धा आपण आधी झाडतो."

मी म्हटलं, म्हणूनच ती मेल्यासारखी आत पडून होती आणि कुणाला कळलं नाही. हे मी बोलायला नको होतं. काकी उठून गेली. आई म्हणाली, बादली तरी. बादली तेवढी काढू दे मला. तिला कसं माहीत, हे मी विचारलं नाही. तीन वर्षं गुरुवारी ती तीच उपसत होती, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं.

मी नाही म्हटलं. बादलीच तर बघायला हवी होती.

किल्ली उशीखाली ठेवते. भावनेपेक्षा निकाल महत्त्वाचा, हे कुणीतरी धरून ठेवायला हवं.

१६ ऑक्टोबर

आर्नेमची बाई तरुण, नाकात खडा, बोलायला मऊ. मावशी चाकाच्या खुर्चीत, रविवारचा झगा, पदक. त्यांना वाटत होतं दार उघडलं की साबणाचा वास येणार. मी दार उघडलं.

बाई एक पाऊल मागे सरली. मग आत गेली, तोंडाला रुमाल लावून. टेबलावर अजून दोन कप होते, दुधावर हिरवी बुरशी. माश्या. तिने स्वतःच पडदा सरकवला. मावशी उंबऱ्यातच होत्या. खुर्ची मी धरली होती, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही, फक्त मान. ती ताठ होती.

बाईने विचारलं, हे असं किती दिवसांपासून?

"तक्रार नाही," मावशी म्हणाल्या.

मग मीच सांगितलं. बादली, चादरी, न वापरलेला जिना, खिडकी, सगळं, एकेक करून. बाईने भराभर लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, इतकी स्पष्ट केस मी पाहिली नाही. तीन नाही, पाच तास मिळतील, आणि आंघोळीला परिचारिका.

मावशींना गाडीत बसवताना मी सांगितलं, मावशी, जिंकलो. घरी राहायचं आता.

त्यांनी हातमोजा चढवला. एकेक बोट नीट. "परकी होती ती," म्हणाल्या. "तिने बघितलं तर बघितलं. तू माझ्यासमोर तिला दाखवलंस."

थकल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनाही पटेल.

३ नोव्हेंबर

मावशी घरी आल्या. पाच तास मंजूर. आई पुन्हा जाते, पगारावर, आणि म्हणते द्रीका पूर्वीसारखी हुकूम सोडते, इथे पूस, तिथे पूस. मला हे ऐकून इतका आनंद झाला की आईला मिठी मारली. आईने मारू दिली.

हेगला मी गेले नाही. फ्लोरिस गेला. आणखी काही नगरपालिका हाच प्रयोग करणार आहेत. कचेरीत केक होता, साखरेचं ऑर्किड लावलेला. मी राजीनामा लिहिला, खिशात ठेवला, आणि केक खाल्ला. अजून खिशातच आहे.

मावशींकडे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा दार आईने उघडलं, त्या झोपल्यात म्हणाली. आतून रेडिओचा आवाज येत होता.

१० नोव्हेंबर

बेनीकाका आले होते. बूट बाहेर, नुसते मोजे. आईने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, डबा बंद केला. बाबांच्या पाठीची चौकशी झाली. मग ते बराच वेळ चमचा फिरवत बसले, आणि ते तर साखर घेत नाहीत.

"द्रीकाचा निरोप आहे," शेवटी म्हणाले. माझ्याकडे नाही, कपाकडे बघून. "तासांबद्दल तुझे आभार म्हणाली. ते आधी सांग, असं बजावलंय."

मी म्हटलं, त्यात काय.

"आणि डाव्या बाजूची मधली जागा. ती आता आमच्या सूनबाईला दिलीय. उंची थोडी कमी पडते, पण मोजे जाड घालेल."

आई चुलीकडे वळून उभी होती. मी विचारलं, आणि मी?

काका उठले. जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, या वेळी मोजायला नव्हे.

"तू यायचंस की," म्हणाले. "पाहुण्यांत बसायचंस."